एकाच वाक्याचे दोन उमेदवार

प्रति,
मेहेरबान अध्यक्षसाहेब,
दुय्यम इंग्रजी शिक्षक परीक्षा कमिटी,
मुक्काम ठाणे.

अर्जदार : महिपत आनंदा भोईर, धंदा मास्तरकी, राहणार मौजे ठाकुर्ली, तालुके कल्याण, जिल्हे ठाणे.

विषय : इंग्रजी वाचनाच्या परीक्षेत ‘लेखकाचे मत ओळखा’ या प्रश्नाच्या उत्तरावरून आलेला नकलेचा आळ दूर होऊन फेरपरीक्षा मिळण्याबाबत.

संदर्भ : कमिटीचे सेक्रेटरीसाहेब यांचे खासगी पत्र, तारीख ४ फेब्रुवारी १८८९.

महोदय,

१. अर्जदार हा कल्याणच्या मराठी शाळेत दुय्यम मास्तर आहे. त्याच्या घराण्यात त्याच्याआधी कोणी पाटी हातात धरलेली नाही. वडील ठाकुर्लीस खाडीकाठच्या खाचरांत भात लावीत. मुलाला शाळेत घालावे हे त्यांच्या मनात कसे आले, ते त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आले नाही. अर्जदार मास्तर झाला तेव्हापासून गावातली दहापाच पोरे शाळेत येऊ लागली आहेत. त्यांचे बाप अजून दर महिन्याला विचारतात, की शिकून नक्की काय होते? आजवर अर्जदार स्वतःकडे बोट दाखवीत असे. परीक्षेत चोरी केली असे त्याच्या नावावर लागले, तर उद्या काय दाखवावे हा त्याला प्रश्न आहे.

२. अर्जदारास इंग्रजी कल्याणचे दिवंगत बेसिल डिमेलो मास्तर यांनी शिकवले. शाळा सुटल्यावर ते त्याला तळ्याच्या पायऱ्यांवर घेऊन बसत. ते मूळचे कोठले, त्यांचे कोण कोठे आहे, याविषयी ते बोलत नसत. शिकवण्याची त्यांची रीत मात्र निराळी होती. धडा वाचून झाला की शब्दांचे अर्थ विचारायचे नाहीत. ‘हे लिहिताना लिहिणाऱ्याचे तोंड कसे झाले होते, ते सांग’ असे विचारायचे. चिडला होता का? लाजला होता का? कोणाला खूश करायला लिहीत होता का? आणि लेखक स्तुती करीत असून आतून थट्टा करीत असला, म्हणजे मास्तर इंग्रजीत एकच वाक्य म्हणत, ‘हा गृहस्थ ओठ मिटून हसतो आहे.’ मास्तर दोन वर्षांमागे तापाने वारले. इंग्रजीत इथपर्यंत पोचलेला त्यांचा दुसरा विद्यार्थी नव्हता. तेव्हा हे वाक्य आता जगात आपल्या एकट्याजवळ उरले आहे, अशी अर्जदाराची पक्की समजूत होती. पुढचा सगळा घोटाळा या समजुतीने झाला.

३. परीक्षा ठाण्यास टेंभी नाक्याजवळच्या एका इमारतीत जानेवारीत झाली. अर्जदाराच्या मागच्या बाकावर एक ख्रिस्ती तरुण बसला होता. त्याचे नाव थॉमस परेरा, तो ठाण्याच्या एका खासगी शाळेत शिकवतो, हे अर्जदाराला नंतर कळले. त्या दिवसापूर्वी दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नव्हते. पेपर लिहिता लिहिता अर्जदाराच्या टाकातून शाईचा मोठा थेंब कागदावर पडला. तो पुसायला काही नाही म्हणून तो इकडेतिकडे पाहू लागला, तेव्हा मागून थॉमस याने काही न बोलता आपला टीपकागद पुढे केला. अर्जदाराने तो पानावर दाबला आणि परत दिला. पहाऱ्यावरच्या शिपायाने हे पाहिले. दोघांचा एकमेकांशी संबंध आला तो एवढाच, आणि पुढे तोच दोघांच्या गळ्यात आला.

४. उतारा कोणा इंग्रज प्रवाशाचा होता. लेखकाचे नाव छापलेले नव्हते. एका गावी एका साहेबांनी लोकांसाठी पाण्याचा पंप बसवला, त्याची हकिकत. प्रश्नपत्रिका अर्जदाराजवळ आहे. तीतल्या मुख्य ओळींचा मराठी आशय येणेप्रमाणे. ‘साहेबमजकूर गावी येत त्या प्रत्येक दिवशी पंप उत्तम चाले. गावकरी इतके उपकृत झाले होते की त्यांनी पंपाला हार घातला, आणि मग ते घागरी घेऊन नदीवर गेले. एक म्हातारी डोक्यावर दोन घागरी घेऊन आली. तिने बाजूला होऊन आम्हाला वाट दिली, आणि पंपालाही दिली. निघताना मी वहीत लिहिले की पाणी फार छान आहे.’ खाली प्रश्न होता, की लेखकाचे या साहेबांविषयी काय मत आहे, आणि ते कोणत्या शब्दांवरून कळते?

अर्जदाराने ‘प्रत्येक दिवशी’ या शब्दांवर बोट ठेवले, हाराचे वाक्य घेतले, आणि मत म्हणून आपल्या मास्तरांचे वाक्य लिहिले. बाकीच्या उमेदवारांनी, सेक्रेटरीसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे, साहेब दयाळू असून लेखक त्यांचा गौरव करतो असे लिहिले. थट्टा अर्जदार आणि थॉमस या दोघांनाच दिसली. दोघे मागेपुढे बसलेले. आणि दोघांच्या कागदांवर इंग्रजीत एकच वाक्य, अक्षरही इकडचे तिकडे नाही, ‘हा गृहस्थ ओठ मिटून हसतो आहे.’

५. सेक्रेटरीसाहेबांनी अर्जदाराला चौकशीस बोलावले. त्यांच्या मेजावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते. त्यांनी विचारले, “एवढ्या लोकांत तुम्हा दोघांनाच हे दिसले?” अर्जदार म्हणाला, “दिसले खरे, साहेब.” “आणि शब्दही तेच सुचले?” अर्जदाराने बेसिल मास्तरांची हकिकत सांगितली. त्यावर सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “मेलेल्या माणसाची साक्ष फार सोयीची असते.” मग त्यांनी टीपकागदाचा विषय काढला. टीपकागदावर उमटलेली ओळ उलटी असली तरी हुशार माणसाला वाचता येते, असे त्यांचे म्हणणे पडले. कोणी कोणाची वाचली एवढेच ठरायचे राहिले होते. थॉमस यालाही त्यांनी असेच, पण वेगळ्या दिवशी बोलावले होते.

६. पुढे संदर्भातले पत्र आले. त्यात मराठीत असे होते, ‘आपण समजदार आहात. मूळ उत्तर आपले असून दुसऱ्या उमेदवाराने ते पाहून लिहिले, असे आपण आठ दिवसांत लेखी कळवल्यास आपला निकाल कायम राहील. दुसऱ्या उमेदवाराने सर्व हकिकत सांगण्याची तयारी दाखवलीच आहे.’

७. हे पत्र हाती पडल्यापासून अर्जदाराचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, हे कबूल करण्यास त्याला कमीपणा वाटत नाही. वाक्य आपले, मास्तरांकडून आपल्याकडेच आलेले. म्हणजे मागच्याने ते चोरले, हे उघड आहे असे त्याला वाटले. मग आठवू लागले, की न मागता टीपकागद पुढे करणारा हा कोण? अनोळखी माणसाला असा पुळका का यावा? कागद हाती देताना त्याची मान वर होती का? परत घेताना त्याने तो उघडा ठेवला की घडी करून? घरात जेवताना, शाळेत फळ्यासमोर, अर्जदार त्या टीपकागदाचाच विचार करी. एकदा त्याने पोरांना बेरीज घातली आणि स्वतः टेबलाशी बसून शाईची एक ओळ टीपकागदावर दाबून पाहिली. घरी आल्यावर बायकोचा आरसा घेऊन तो कागद त्यात धरला. वाचता आले ते दोनतीन अर्धे शब्द आणि बाकी सगळे डाग. वाक्य काही उमटले नाही. तरी त्याला वाटले, की आपल्याला जमले नाही. त्याला जमले असेल.

त्याची बायको मालन दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, “त्या मानसाला तुमी वलखता तरी का?” अर्जदार म्हणाला, “ओळखायचे काय त्यात? पत्रात आहे ना, त्याने सांगायची तयारी दाखवलीच आहे.” मालन म्हणाली, “पत्र त्यानं लिवलंय का?” तिला लिहितावाचता येत नाही. तिच्या बोलण्याचा त्या वेळी अर्जदाराला राग आला. त्याने आपलीही तयारी केली. थॉमसने नक्कल केली असे दोन ओळींचे पत्र लिहून सदऱ्याच्या खिशात घातले. मात्र टपालात टाकण्यापूर्वी त्या इसमाला एकदा डोळ्यांनी बघावे असे त्याच्या मनात आले. सद्भावना नव्हती, महोदय. आपण ज्याच्यावर आळ घालणार, त्याचा चेहरा आळाला साजेसा आहे ना, एवढीच खातरी करायची होती.

८. भावकीतल्या एकाचा मचवा कल्याणहून खाडीने ठाण्याला कौले घेऊन जात होता. त्यात अर्जदार बसून गेला. चर्चच्या मागच्या आळीत विचारीत विचारीत गेला तेव्हा थॉमस अंगणातच होता. अर्जदाराला पाहताच त्याने हातातले पुस्तक मिटले आणि म्हणाला, “आलात? मला वाटलंच होतं कधीतरी येणार म्हणून.”

“का वाटलं?” अर्जदाराने विचारले.

“टीपकागद मागणारा माणूस आणखी काहीतरी मागायला येतोच.”

“मी मागितला नव्हता. तुम्ही दिलात.”

“तुम्ही मागे वळून पाहिलंत!”

असे दोघे अंगणात उभे राहून, शेजारपाजारचे बघत असताना, मोठ्या आवाजात टीपकागदावर भांडू लागले. अर्जदाराने इतके दिवस जे प्रश्न मनात घोळवले, तेच प्रश्न हा माणूस त्याला विचारीत होता. मान का वळवली? परत देताना कागद उलटा का दिला? त्याला वाटत होते की अर्जदाराने आपले उत्तर चोरले, आणि तेही तितक्याच खात्रीने. शेवटी थॉमस ओरडला, “ते वाक्य आमच्या घरातलं आहे!”

९. एवढ्यात घरातून एक वृद्ध बाई बाहेर आल्या. त्या थॉमसच्या मावशी, नाव कॉन्स्टन्सबाई. त्यांनी थॉमसला लहानाचा मोठा केला, आणि इंग्रजीही त्यांनीच शिकवले. तरुणपणी त्या एका इंग्रज इंजिनिअराच्या अंध बायकोला पुस्तके वाचून दाखवण्याच्या कामावर होत्या. ती मडम ऐकता ऐकता मध्येच थांबवी आणि विचारी, ‘लिहिणाऱ्याचे तोंड आता कसे आहे?’ डोळ्यांनी दिसत नाही म्हणून ती शब्दांतून चेहरे पाही. हे बाईंनी नंतर सांगितले. त्या वेळी त्या फक्त एवढेच म्हणाल्या, “कंचं वाक्य रं? मना सांग.”

अर्जदाराने वाक्य म्हटले. बाईंनी विचारले, “तुज्या तोंडान हे कोनी घातलं?”

“माझ्या मास्तरांनी. कल्याणच्या बेसिल डिमेलोंनी.”

बाई खांबाला धरून खाली बसल्या. थॉमसने पाणी आणले ते त्यांनी घेतले नाही. बेसिल मास्तर त्यांचे सख्खे धाकटे भाऊ होते. भावाबहिणींचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. कशावरून, ते बाईंनी सांगितले नाही आणि अर्जदाराने विचारले नाही. थॉमसने या मामाला डोळ्यांनीही पाहिलेले नव्हते. मामा कल्याणला वारल्याची बातमी घरी पोचली ती त्यांना पुरल्यावर.

बाई म्हणाल्या, “लहानपनी मीच शिकवलं त्याला. गेला तो माज्याशी बोलायचा बंद होऊन. पन माझी बात पोरांना शिकवीत होता.” मग त्यांनी अर्जदाराला जवळ बोलावून विचारले, की शिकवताना तो कसा बसे? रागावे का? खोकत होता का? अर्जदाराने जे आठवले ते सगळे सांगितले. तळ्याच्या पायऱ्या, मास्तरांची चपला काढून ठेवायची सवय, चुकीचे उत्तर आले की गप्प बसून पाण्याकडे बघणे. हे शेवटचे ऐकून बाई हसल्या आणि म्हणाल्या, “त्योच.”

१०. तेव्हा वाक्याचा उलगडा झाला. पण महोदय, अर्जदाराचा संशय अशा सहजासहजी जाणारा नव्हता, आणि थॉमसचाही नव्हता. वाक्य एका घरातून दोघांकडे आले हे ठीक. पण उरलेले उत्तर? प्रश्नपत्रिका दोघांजवळ होतीच. थॉमस म्हणाला, “पुढं काय लिहिलंत ते सांगा.” अर्जदाराने सांगितले की म्हातारीच्या वाक्यापासून लेखकाची थट्टा संपते आणि त्याला राग येतो, वहीत ‘पाणी छान आहे’ असे लिहिणे हा साहेबांना मारलेला शेवटचा टोमणा आहे. थॉमस ताडकन म्हणाला, “साफ चूक! टोमणा कसला? तो स्वतःलाच लाजलाय. म्हातारी घागरी वाहतेय हे बघूनसुद्धा यानं वहीत खोटं लिहिलं. साहेबाला हसणारा शेवटी साहेबासारखाच वागला. मी तसंच लिहिलंय.”

“मग लाज कोणत्या शब्दावरून दिसते?” अर्जदाराने विचारले.

“‘मी’वरून. सगळ्या उताऱ्यात ‘आम्ही’, ‘आम्ही’ आहे. लिहितो तेव्हा एकटा, ‘मी’.”

अर्जदार म्हणाला की वहीत लिहायला काय दहा जण हात लावतात? थॉमस म्हणाला की वाचायला शिका. अर्जदार म्हणाला की तुम्ही पाळकाचे प्रवचन ऐकून ऐकून सगळ्यांत पश्चात्ताप शोधता. शेजारी पुन्हा गोळा झाले. कॉन्स्टन्सबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “एकानं दुसऱ्याचं चोरलं असतं तर येवढी भांडणं कशी रं झाली असती?”

आळ आल्यापासून पहिल्यांदाच अर्जदाराने थॉमसच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिले, आणि तो चोराचा चेहरा नव्हता. चिडलेल्या शिक्षकाचा होता. अर्जदाराला तो चेहरा चांगला ओळखीचा आहे, कारण त्याचा स्वतःचा तसाच आहे.

११. सेक्रेटरीसाहेबांची पत्रे दोघांनी खिशांतून काढली. दोन्ही शब्दशः एक आहेत. ‘दुसऱ्या उमेदवाराने तयारी दाखवलीच आहे’ हे थॉमसच्याही पत्रात आहे, आणि ‘दाखवलीच’ यातला ‘च’सुद्धा. अर्जदाराने तर त्या तारखेपर्यंत कसलीही तयारी दाखवलेली नव्हती. कॉन्स्टन्सबाईंनी ते मराठी पत्र मोठ्याने वाचायला सांगितले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, की लिहिणाऱ्याचे तोंड कसे आहे? अत्यंत अदबीने अर्जदार येथे नमूद करतो, की त्या घरात या पत्राचे जे वाचन झाले ते असे : लिहिणाऱ्याला कोणाचे उत्तर खरे हे जाणून घ्यायचे नाही. ज्याला एखादी गोष्ट ठाऊक असते, तो ‘च’ लावून दाबून सांगत नाही. त्याला फक्त दोन नावांतले एक कमी करायचे आहे, आणि ते काम त्या दोघांनीच करून द्यावे असे त्याला वाटते. हे वाचन चुकीचे असल्यास मेहेरबानांनी माफी करावी. बरोबर असल्यास अर्जदार अधिक काही लिहीत नाही.

१२. पत्रे खाली ठेवल्यावर थॉमस उठून कुंपणाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. म्हणाला, “मी काल टपालात टाकलं.” काय, असे विचारायची गरज नव्हती. अर्जदाराने मुद्दाम टीपकागद मागून थॉमसची ओळ वाचली, असे त्याने सेक्रेटरीसाहेबांना लिहून कळवले होते. ते पत्र आज कमिटीच्या दप्तरी असेलच.

अर्जदाराने पागोटे उचलले. त्याच्याही खिशात तशाच दोन ओळी होत्या. फरक एवढाच की त्याचा मचवा आधी निघाला आणि टपाल राहून गेले. पण रागावलेल्या माणसाला हे कोठून सुचणार? “मग बसा मास्तरकी करत,” असे म्हणून तो फाटकाशी आला. बाईंनी त्याला अडवले नाही. त्या थॉमसला म्हणाल्या, “घरान जा. लिही.” थॉमस आत गेला आणि बराच वेळ आत राहिला. तेवढ्या वेळात अर्जदार फाटकाशी उभा का राहिला हे त्यालाही सांगता येत नाही. त्याने खिशातले आपले पत्र काढून फाडले, आणि तुकडे कोठे टाकावे हे न कळून परत खिशातच घातले.

थॉमस कागद घेऊन बाहेर आला. कागद उघडाच होता. त्याने तो अर्जदारापुढे धरला आणि म्हणाला, “वाचून बघा. मग विश्वास बसेल.”

अर्जदार म्हणाला, “पाकिटात घाल. लाख लाव.”

“वाचायचं नाही?”

“वाचून विश्वास बसला तर तो कागदावर बसला. लाख लाव.”

थॉमसने घरातून लाख आणली, मेणबत्तीवर तापवली आणि पाकीट बंद केले. ते या अर्जासोबत आहे. परतीच्या मचव्यात अर्जदाराने ते हातात उलटसुलट करून पाहिले, उजेडाकडेही धरले. आत आधीचाच आळ दुसऱ्या शब्दांत लिहिलेला असेल, आणि आपण आपल्याच हाताने आपला फास नेऊन देत असू, असेही दोनतीनदा मनात आले. अजूनही, हे लिहिताना, येते. पण वहीतल्या त्या एका ओळीवरून तो माणूस ज्या आवाजात भांडला, तो आवाज खोटा नव्हता. आजवर शिकलेल्या सगळ्या वाचनावर भरवसा ठेवून अर्जदार एवढे म्हणू शकतो.

१३. जाता जाता हेही नमूद करतो, की तेव्हापासून अर्जदाराने तो उतारा पुष्कळ वेळा वाचला आहे. शेवटच्या वाक्याविषयी थॉमसचे म्हणणे बरोबर असावे असे त्याला आता वाटते. लेखक लाजलाच आहे. या चुकीबद्दल अर्जदाराचे गुण कापायचे तर खुशाल कापावेत. ते चुकीबद्दल कापले जातील, चोरीबद्दल नव्हे, आणि त्याचे त्याला समाधान आहे.

१४. तरी मेहेरबानांस विनंती अशी :

सेक्रेटरीसाहेब दोन्ही उत्तरे वाचताना त्या एका वाक्यापाशी थांबले. ती आपण शेवटपर्यंत वाचावीत. एका ओळीत दोघे सारखे आहेत, पुढच्या सगळ्या ओळींत एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

सोबतचे पाकीट आपण स्वतः उघडावे.

दोघांना पुन्हा परीक्षेस बसवावे. उतारा नवा असावा, आणि कोणाचेही मन शंकित राहू नये म्हणून दोघांना वेगळाल्या खोल्यांत बसवून मध्ये शिपाई उभा करावा.

आणि हे मान्य न झाल्यास, जो काही निकाल द्यायचा तो दोघांना एकच द्यावा. एकाला ठेवून दुसऱ्याला काढले, तर जो राहील त्याला कॉन्स्टन्सबाईंच्या घरी जाता येणार नाही. थॉमसचे तर ते घरच आहे, आणि अर्जदारालाही तेथे पुन्हा बोलावले आहे.

निकाल कसाही येवो, तो वाचण्यास तयार असलेला,

आपला नम्र,
महिपत आनंदा भोईर
मौजे ठाकुर्ली
तारीख १३ फेब्रुवारी १८८९

सोबत :
१. प्रश्नपत्रिका, म्हातारीच्या वाक्याखाली अर्जदाराची रेघ आहे.
२. सेक्रेटरीसाहेबांची दोन पत्रे, एक महिपत भोईर यांस व एक थॉमस परेरा यांस. मजकूर एकच.
३. थॉमस परेरा यांचे पाकीट, लाख लावलेले. आतला मजकूर अर्जदारास ठाऊक नाही.

(अर्जाच्या समासात, अध्यक्षसाहेबांच्या हातचा शेरा)

पाकीट उघडून वाचले. दोन्ही उत्तरपत्रिका मागवून शेवटपर्यंत वाचल्या. फेरपरीक्षा घ्यावी, उतारा मी निवडीन आणि त्या वेळी हजर राहीन. सेक्रेटरींनी येण्याचे कारण नाही. वेगळाल्या खोल्या नकोत, शिपाईही नको. दोघांना एकाच बाकावर बसवावे.